नाहाहून आलेली शीसाची जोडी

वीतभर उंचीचे दोन सिंह, नऊ हजार येन. आपले पाच हजारांच्या आसपास पडले. पंचवटीत आमचा शाडूच्या गणपतींचा कारखाना आहे, त्यामुळे मातीचं काहीही हातात आलं की मी आधी ते उलटं करून बघते. पुतण्याने जपानच्या ओकिनावा बेटाहून ही जोडी आणली तेव्हाही चहा बाजूला ठेवून तेच केलं.

शीसा म्हणजे तिकडचा राखणदार सिंह. मूळचा चीनकडून आलेला, मग र्‍युक्यू राज्यात, म्हणजे ओकिनावाच्या जुन्या राज्यात, रुळलेला. ओकिनावातल्याच यएसे गावच्या तोमोरी भागातला दगडी शीसा १६८९ सालचा. गावात वारंवार आगी लागायच्या, म्हणून समोरच्या डोंगराकडे तोंड करून त्याला बसवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४५च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा त्याच्या अंगावर अजून आहेत. साध्या माणसांच्या छपरांवर हे सिंह बरेच उशिरा चढले, कारण कौलं घालायची मुभाच त्यांना १८८९ मध्ये मिळाली. मग कौलं बसवणारे गवंडी उरलेले तुकडे आणि चुना घेऊन तिथल्या तिथे एक सिंह घडवून द्यायचे. मला हे फार आवडलं. आमच्याकडेही मोठी मूर्ती झाल्यावर उरल्या मातीचा उंदीर होतोच.

आमची जोडी मात्र भाजलेल्या मातीची, ओकिनावाची राजधानी नाहा, तिथल्या त्सुबोया भागातली. तीन ठिकाणच्या भट्ट्या एकत्र आणून १६८२ साली ही कुंभारवस्ती वसवली गेली. पुढे शहर वाढलं आणि धुराचा प्रश्न आला, तेव्हा लाकडाच्या भट्टीवाले काही कुंभार योमितान या गावी गेले. नावाजलेले किंजो जिरो त्यांतलेच, १९७२ मध्ये हलले.

आता काम. दोन्ही सिंह आतून पोकळ आहेत आणि बुडाशी करंगळी जाईल एवढं भोक आहे. ते नसतं तर भट्टीत आतली हवा आणि वाफ कोंडून माल फुटला असता. आत बोट फिरवलं तर माती दाबल्याचे खळगे लागतात, म्हणजे पातळ माती साच्यात ओतून केलेला माल नाही. आयाळीचा एकेक वळसा वेगळा वळून, खाली ओरखडे पाडून, पातळ चिखलाने चिकटवलाय. डाव्या कानामागे एका वळशावर कारागिराच्या अंगठ्याची रेघ तशीच राहिली आहे. ती पुसली नाही याबद्दल त्याला पैकीच्या पैकी. उघड्या तोंडाच्या सिंहाची जीभ टाळूपासून सुटी आहे, सुळे चार, आणि त्यांच्यामागे खरोखरची पोकळी आहे. ओल्या मातीत एवढं आत कोरताना वरचा ओठ बसू न देणं सोपं नाही. करून बघा.

रंगाला मी नख लावलं तेव्हा पुतण्या ओरडला, "काकू, तो रंग नाही, भाजलेलं ग्लेझ आहे, काचेसारखा लेप!" मला माहीत होतं, खात्री करत होते. हिरवा छान उतरलाय. पिवळसर तपकिरी मात्र मिटल्या तोंडाच्या सिंहाच्या एका डोळ्यात साचलाय, त्यामुळे तो जरा झोपाळू दिसतो. डोळ्यांची आखणी हा आमच्याकडे सगळ्यात जपून करायचा भाग, म्हणून मला ते खटकलं. शिवाय त्याचं बूड सपाट नाही. टेबलावर ठेवला की डुगडुगतो. नऊ हजार येन घेताना बूड घासून द्यायला हवं होतं.

आमच्या एका गिऱ्हाईकाने ऑनलाइन मागवलेली जोडीही शेजारी ठेवून पाहिली. ती निम्म्याहून कमी किमतीत मिळाली, पण पोटावरून सरळ साच्याची जोडरेघ गेलेली, आयाळ म्हणजे नुसते उठाव, तोंडाच्या आत काळा रंग फासलेला. शोकेसमध्ये चालेल. गच्चीवर ठेवली तर नाशिकच्या एका पावसाळ्यात रंग सोडेल असं मला वाटतं.

समोरून बघताना उघड्या तोंडाचा उजवीकडे ठेवायचा, मिटलेला डावीकडे. एक वाईटाला हाकलतो, दुसरा चांगलं घराबाहेर जाऊ देत नाही, असं तिथले लोक सांगतात. तोंडं बाहेरच्या बाजूला. सासूबाईंनी फार चौकशी न करता दोघांना हळदकुंकू लावलं. देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं, त्यामुळे डोळे वटारलेलं तोंड दाराशी असण्यात त्यांना नवल वाटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र वास्तूत चालतं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, चालतं.

कोणी तिकडे जाणार असेल तर जोडीच मागवा, सुटा सिंह नको. दुकानातच दोन्ही सपाट काचेवर ठेवून बघा, भोकातून बोट घाला आणि सामान हातातल्या बॅगेत आणा. आमच्या डुगडुगणाऱ्याखाली मी पांढऱ्या सिमेंटचा पातळ थर दिलाय, आता हलत नाही.