बोटीत लावायची फोम मॅट, चार महिने वापरून मग लिहितो आहे

फेब्रुवारीत घेतली, आता जून लागला, मधात नागपूरचा मे महिना पण तिनं काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. बोट माझी फायबरची, दहा फुटी, दोन माणसं आणि सामान एवढीच. मॅट ईव्हीए फोमची, सहा एमएम जाड, मागून चिकट, ग्रे कलर, २४० बाय ९० सेंटीमीटरचा एक शीट, ऑनलाइन मागवला, घरपोच ३,४०० रुपये पडले. लोक ही मॅट पाय घसरू नये म्हणून लावतात, मी बोटीतून गळानं मासे धरतो आणि बोटीतल्या आवाजानं मासा पळू नये, फक्त आणि फक्त त्यासाठी घेतली, तर रिव्ह्यू पण त्याच हिशोबानं वाचा.

हे डोक्यात आलं कुठून ते सांगतो. मागच्या वर्षी टेक्सासला मावसभावाकडे गेलो होतो, तो बास नावाच्या माशाच्या शिकारीचा वेडा, त्यानं एक दिवस लेक फोर्कला नेलं. हा तोच तलाव जिथं जानेवारी १९९२ मध्ये १८.१८ पाउंडाचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा लार्जमाउथ बास निघाला आणि टेक्सासचा रेकॉर्ड झाला. तिथला गाईड खूप लांबूनच मोठं इंजिन बंद करायचा, मग पुढची इलेक्ट्रिक मोटर एकदम हळू, पण एकाच स्पीडवर. चालू बंद चालू बंद नाही. एकसारखा आवाज माशाला सवयीचा होते म्हणे, अचानक सुरू झालेला किंवा अचानक थांबलेला आवाज त्याला खटकते. त्याच्या बोटीचा अख्खा डेक कार्पेटचा, पक्कड दोरीनं बांधलेली, डब्यांची झाकणं हातानं धरून हळूच बंद करायची. माझ्या हातून एकदा गळाच्या डब्याचं झाकण धाडकन पडलं. तो काही बोलला नाही, गुपचूप बोट वळवली आणि दुसऱ्या जागी घेऊन गेला, त्या जागेवर त्या दिवशी परत आलाच नाही.

मी त्याला विचारलं की मग आपण इतका वेळ गप्पा मारून राहिलो त्याचं काय, तर म्हणाला गप्पा मारा, गाणं म्हणा, काही फरक नाही. नंतर वाचलं तेव्हा पटलं. हवेतला आवाज पाण्यावर आपटला की जवळपास सगळाच वरच्या वर परत फिरते, आत जाते ते नावापुरतं. पण तोच आवाज बोटीच्या तळातून निघाला की सरळ पाण्यात उतरते, आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर पळते, हवेपेक्षा चौपटीहून जास्त. फायबरची रिकामी बोट म्हणजे उलटा ठेवलेला नगाराच समजा. माशाला बाहेर कान दिसत नाही म्हणून ऐकू येत नाही असं नाही, डोक्यात आत कानाचे दगड असतात आणि अंगावर दोन्ही बाजूला जी रेघ दिसते ना, तिनं जवळच्या पाण्याची हालचाल कळते. बासला जाड, खालच्या पट्टीचे आवाज जास्त ऐकू येतात, काही शे हर्ट्झपर्यंतचे. आपले रोहू कटला त्याच्याही पुढे, त्यांच्यात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना वरच्या पट्टीचे आवाज पण ऐकू येतात.

आता हे सगळं आपल्याकडच्या ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमारी करणाऱ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हिंगण्याकडच्या एका तलावावर मच्छीमार सोसायटीची परवानगी काढून मी जातो, तिथले एक काका डोंग्यातून जाळं लावतात. जाळं लावून झालं की दुसऱ्या बाजूनं काठीनं पाणी झोडपत येतात, मासा भिऊन पळते आणि बरोबर जाळ्यात जाते. म्हणजे आवाजानं मासा पळते हा त्यांचा धंद्याचा हिशोब आहे. मी मॅट लावायच्या आधी त्यांनी मला एकदा टोकलंच, "काहून भाऊ, बोटीत डफडं वाजवून राहिले का? मी मासोळी हाकलतो थे जाळ्यात जाते, तुमी हाकलता थे कुटं जाते?"

तर मॅट आली, लावायच्या आधी आम्ही टेस्ट घेतली, आणि या रिव्ह्यूत खरं सांगण्यासारखं तेच आहे. काठाजवळ छातीभर पाण्यात मी लाइफ जॅकेट घालून उभा, बोट चार पाच हातांवर, बोटीत माझा लहान भाऊ. मी वाकून दोन्ही कान पाण्यात बुडवले. आधी तो मोठ्यानं ओरडला, मला काहीच कळलं नाही, फक्त त्याचं तोंड हललेलं दिसलं. मग उघड्या फायबरवर पक्कड गुडघ्याच्या उंचीवरून सोडली. ठण्ण! असा आवाज की कुठून आला तेच समजलं नाही, डोक्याच्या आतच वाजल्यासारखा. मग शीट नुसता अंथरला, न चिकटवता, आणि परत पक्कड सोडली. फक्त एक बारीक टप. मी दोनदा विचारलं सोडली का म्हणून. तिसरी टेस्ट टाचेची, भाऊ उभा राहून टाच आपटायचा. उघड्या फायबरवर धम्म, आणि मॅटवर... तरी धम्म. थोडा मऊ, पण आला. आणि त्याच्यासोबत बोट हलली तर पाण्याचा धक्का माझ्या पोटाला लागला.

यातून मला जे समजलं ते कोणत्याच जाहिरातीत लिहिलेलं नाही. मॅट खणखण मारते, धमधम मारत नाही. पक्कड, डबा, रॉडचा बुडखा, शिसं, बाटली, हे सगळे आवाज मॅट जवळपास संपवते. पण माणसाच्या वजनाचा धक्का सहा एमएम फोममध्ये जिरत नाही, तो तळातून पाण्यात जातेच, आणि बासला ऐकू येते ते नेमकं हेच जाड खालचं. म्हणून मॅट लावली की काम झालं असं समजू नका. बूट काढा, उभं राहायचं असेल तर आधी वजन सरकवा मग पाय उचला, आणि दोघांनी एकाच वेळी हलू नका. आम्ही आता एक जण उठला की दुसरा बसून राहतो.

फरक पडला का? मरळीवर सांगतो, कारण मरळ हवा घ्यायला वर येते, तर ती कुठं आहे हे दिसते. बेशरमच्या झुडपांजवळ पाण्यावर गुळूप झालं की तिथं लक्ष ठेवायचं, थोड्या वेळानं त्याच आसपास परत गुळूप. आधी बोटीत काही पडलं की दुसरा गुळूप लांबायचा, कधी कधी ती जागा सोडूनच द्यायची. आता वस्तू पडली तरी गुळूप त्याच तालात येते. दुसरं म्हणजे आधी मरळ गळाला लावलेल्या बेडकाच्या मागं यायची आणि बोटीपासून तीन चार हातांवरून वळून जायची, हे दर वेळचं दुखणं होतं. एप्रिलमध्ये अडीच किलोची एक मरळ अगदी बोटीच्या कडेला, मी बेडूक उचलायला निघालो तेव्हा लागली, डोळा दिसला मला तिचा. एका माशावरून मी कायदा मांडत नाही, उन्हाळ्यात पाणी पण उतरलेलं होतं, पण असं बोटीला चिकटून माझ्याकडं आधी कधी झालं नव्हतं. (एक कळकळीचं सांगणं, नारिंगी पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथं गळ टाकू नका, खाली नर मादी दोघं राखण करत असतात, ते गेले की पिल्लं पण गेली. आणि पेंचच्या तोतलाडोहकडे बोट न्यायचा विचारच करू नका, तिथं मासेमारी बंद आहे.)

आता तक्रारी. पहिली, गोंद. पाकिटावर उन्हात टिकते असं लिहिलं होतं, मे महिन्यात बोट गच्चीवर होती, ४५ डिग्रीत दुपारभर, आठ दिवसांत चारही कोपरे उचलले. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून रबर सोल्युशन आणून कडा परत बसवल्या, तेव्हापासून टिकून आहे. लावताना फायबर आधी थिनरनं पुसा आणि कडा गोल कापा, चौकोनी कोपरा सगळ्यात आधी उठते. दुसरी, तीन तोंडाचा गळ फोममध्ये रुतला की निघता निघत नाही, ओढला की चण्याएवढा तुकडा सोबत येते. माझ्या शीटला असे सात आठ खड्डे झाले. तिसरी, माशाचा चिकटा खाचांमध्ये बसते, त्याच दिवशी ब्रशनं घासलं नाही तर दुसऱ्या दिवशी वास सुटते. काळा रंग अजिबात घेऊ नका, अनवाणी पाय ठेवता येणार नाही, आणि अनवाणी राहणं तर इथं गरजेचं आहे.

पत्र्याची किंवा फायबरची बोट असेल तर नक्की घ्या, मोटर घ्यायच्या आधी ही घ्या असं म्हणेन मी. हवा भरून फुगवायच्या बोटीला याची तेवढी गरज नाही, तिचा तळ मुळातच मऊ असते, फक्त खाली लाकडी फळी टाकली असेल तर फळीवर लावा. पैसे कमी असतील तर अख्खा डेक करू नका, आधी पाय जिथं टेकतात ती जागा, मग डब्याखाली, मग रॉड जिथं आडवे ठेवता ती कड. माझ्याकडं उरलेल्या पट्ट्या मी बॅटरीच्या खोक्याच्या आतून लावल्या, कारण बोट डुलली की बॅटरी त्या खोक्यात टक टक करायची आणि इतके दिवस मी तो आवाज वल्ह्याचा समजत होतो.