दीर्घ शुश्रूषेनंतर स्वतःची ओळख शोधताना : बडोद्यातील एका समुपदेशन केंद्राचे परीक्षण

बडोद्याच्या जुन्या भागात, सूरसागर आणि दांडिया बाजार यांच्या मधल्या एका गल्लीत, एक लहानसे समुपदेशन केंद्र चालते. गेल्या वर्षापासून मी तिथे जात आहे. वर्षानुवर्षे अंगावर घेतलेली एखादी जबाबदारी एकाएकी संपली आणि त्यानंतर आपण नेमके कोण उरलो हेच उमगेनासे झाले, अशा माणसांना या केंद्राचा उपयोग होईल का, एवढ्याच प्रश्नाच्या अंगाने मी हे परीक्षण लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण तिथे दोनच समुपदेशक आहेत, गटसत्रांना येणाऱ्या बायका याच परिसरातल्या आहेत, आणि नाव उघड झाले तर त्या सहज ओळखू येतील. मात्र तिथली पद्धत, शुल्क आणि गुणदोष यांबद्दल हातचे काही राखून ठेवलेले नाही.

माझ्या सासूबाईंना अल्झायमर झाला होता. त्यांचे खाणेपिणे, अंघोळ, औषधे, रात्री कूस बदलणे हे सारे अनेक वर्षे माझ्याकडे होते. आजार वाढत गेला तशी त्यांना माझी ओळख पटेनाशी झाली. त्या मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या, आणि त्यांचा जीव शांत राहावा म्हणून मीही त्या नावाला ओ देऊ लागले. सासूबाई गेल्या तेव्हा आता मला विसावा मिळेल असे घरातल्या सर्वांना वाटले, आणि शरीराला तो मिळालाही. परंतु त्यानंतर मंगळ बाजारातल्या एका दुकानात साडी घेताना दुकानदाराने ‘तमने कयो रंग गमे?’ (तुम्हाला कोणता रंग आवडतो?) असे साधेपणाने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आवडीचा रंग आठवत नव्हता असे नाही. आवडणारे कुणी आत आहे का, हेच कळत नव्हते. ही अवस्था महिनोन्‌महिने टिकली, म्हणून मी या केंद्रात गेले.

पहिल्या भेटीत समुपदेशक ताईंनी माझी हकीकत ऐकण्याआधी एक संमतिपत्र समोर ठेवले. मी सांगितलेले कुणाला कळेल, कुणाला कळणार नाही, आणि माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गोपनीयतेचा अपवाद कसा होईल, हे त्यांनी मराठीतून सावकाश समजावले. त्यानंतर पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या चाळणीसाठी जगभर वापरली जाणारी ९ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, थकवा, लक्ष लागणे यांविषयी विचारलेले असते, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांसंबंधी असतो. तो प्रश्न त्यांनी घाईने उरकला नाही. गुण अमुक मर्यादेच्या वर गेले असते तर मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते, आणि त्यासाठी सयाजी रुग्णालयातील विभाग किंवा कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय असे कमी खर्चाचे पर्याय आहेत, हेही त्यांनी आपणहून सांगितले. आपल्या मर्यादा आधीच सांगणारी सेवा मला विश्वासार्ह वाटते. शोक, नैराश्य आणि स्वत्व हरवल्याची भावना या तीन गोष्टी वरून सारख्या दिसल्या तरी त्यांची वाट वेगवेगळी असते, आणि ती वेगळी करून पाहण्याचे हे काम पहिल्याच सत्रात झाले.

माझी समजूत अशी होती की ओळखीचा पेच हा वयात येणाऱ्या मुलांचा विषय आहे. ताईंनी सांगितलेली माहिती मला फार मोलाची वाटली. ही संकल्पना रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी ती प्रथम वापरली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतील एका पुनर्वसन चिकित्सालयात आलेल्या सैनिकांच्या संदर्भात. आपण कालही तेच होतो आणि आजही तेच आहोत, या सातत्याची जाणीवच त्या माणसांनी गमावली होती. पौगंडावस्थेतील मुलांसंबंधीचा विचार नंतर त्याला जोडला गेला. मी काही युद्धावरून आलेली नाही; परंतु रात्रंदिवस एकाच कर्तव्यात बुडालेले आयुष्य अचानक थांबते, तेव्हा तुटते ते हे सातत्यच, हे मला तत्काळ पटले. आपल्याला काय होत आहे याची ही मांडणी हाती आल्यावर लाज बरीच कमी झाली. बडोद्यासारख्या ठिकाणी, जिथे शेजारीपाजारी सर्वांना सर्वांचे ठाऊक असते, तिथे ही लाज मोठी असते.

पुढच्या सत्रांत ‘मी कोण आहे?’ या प्रश्नाला २० वाक्यांत उत्तर लिहायला सांगण्यात आले. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडलेली ही चाचणी दिसायला अगदी साधी आहे. माझ्या कागदावरच्या सुरुवातीच्या सगळ्या ओळी सून, पत्नी, आई, वहिनी, काकू अशाच होत्या, आणि त्यानंतर पेन थांबले. ताईंनी त्या ओळींना चूक म्हटले नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. नाती ही आपल्या लोकांत ओळखीचा मोठा भाग असतातच, ती खोडून काढून खालून कुणी ‘खरी’ व्यक्ती काढायची नसते, असे त्या म्हणाल्या. त्यांनी फक्त विचारले, ‘काकू, यातल्या प्रत्येक नात्यात तुम्ही दुसऱ्या कुणापेक्षा वेगळे काय करता?’

या एका प्रश्नावर आमची कितीतरी सत्रे गेली, आणि या केंद्राचे खरे बळ मला त्यातच दिसले. सासूबाईंच्या आजारपणात मी एक लांब वही ठेवत असे. रेघा मारून चार रकाने केले होते : वेळ, काय दिले, किती घेतले, आणि नंतर त्या कशा होत्या. मऊ भात कोमट असला तर दोन घास जास्त जातात, संध्याकाळी खोलीतला दिवा लवकर लावला तर घाबरेपणा कमी होतो, एक विशिष्ट ओवी म्हटली की औषध न थुंकता घेतले जाते, असे कितीतरी बारकावे तिच्यात आहेत. ताईंनी ती वही आणायला सांगितली आणि माझ्यासमोर पानन्‌पान वाचली. मग विचारले, ‘हे कुणी शिकवले?’ कुणीही शिकवले नव्हते. डॉक्टरांनी फक्त औषधांच्या वेळा लिहून दिल्या होत्या. बोलता बोलता निघाले की लग्नाआधी मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शिकले, आहारशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत माझी जर्नल वर्गात फिरत असे, आणि त्याही आधी शाळेत पावसाची नोंद ठेवण्याचे काम मी मागून घेतले होते. बारकाईने पाहणारी आणि पाहिलेले टिपून ठेवणारी ही बाई सासूबाईंच्या खाटेशेजारी सबंध काळ बसलेली होती. मी समजत होते की शुश्रूषेने मला संपवले. त्या वहीत मात्र मी प्रत्येक पानावर सापडत होते.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे जीनोग्राम, म्हणजेच कुटुंबोपचारात वापरला जाणारा किमान तीन पिढ्यांचा आराखडा, ज्यात पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळ काढतात. आमचे कुटुंब गायकवाडांच्या नोकरीच्या निमित्ताने इकडे आले, त्यामुळे पुरुषांची नावे, हुद्दे आणि खाती मला तोंडपाठ होती. स्त्रियांच्या वर्तुळांत ताईंनी सासरच्या नावाबरोबर माहेरचे नावही लिहायला सांगितले. आमच्यात लग्नात तांदळावर नवे नाव लिहितात. माझेही बदललेले आहे. आजेसासूबाईंचे माहेरचे नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हते. सासूबाईंचे मला सापडले ते त्यांच्या ट्रंकेतल्या शाळेच्या दाखल्यावर. त्या ज्या बहिणीच्या नावाने मला हाक मारत, ती बहीण त्यांना त्याच जुन्या नावाने ओळखत असणार, हे दाखला हातात धरल्यावर माझ्या ध्यानात आले. शेवटच्या काळात त्या स्वतःच्या ओळखीकडे परत जात होत्या आणि मला सोबत म्हणून बोलावत होत्या, असा त्या हाकेचा अर्थ मी आता लावते. यात सांत्वनाचा भाग असेल. पण त्यानंतर त्या नावाने माझी घुसमट झालेली नाही.

भाषेबद्दल लिहिणे आवश्यक आहे. आमच्यासारख्या बडोदेकर घरांत देवाशी बोलणे मराठीत होते आणि भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी गुजरातीत. सत्रात मी मराठीत सुरुवात करीत असे, आणि राग आला की गुजराती आपोआप येत असे. ताई दोन्हींत सहज वावरतात, त्यामुळे मला कुठेही थांबून स्वतःचे भाषांतर करावे लागले नाही. केंद्रातील दुसरे समुपदेशक फक्त गुजराती आणि इंग्रजी बोलतात, म्हणून पहिल्या फोनवरच भाषेची अट सांगावी.

आता उणिवा. नोंदणीच्या वेळी व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक वेगळे पॅकेज सुचवले जाते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीवरून पुढे विकसित झालेली, माणसांना चार-चार अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या १६ प्रकारांत वाटणारी ही चाचणी असून तिचा रंगीत अहवाल मिळतो. अशा चाचण्यांवर मानसशास्त्रात जुना आक्षेप आहे की काही आठवड्यांनी पुन्हा दिल्यास बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. ज्या माणसाला आपण कोण हेच कळेनासे झाले आहे, त्याच्या हाती चार अक्षरांचा शिक्का देणे मला अयोग्य वाटते. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली ओळखीच्या ज्या चार अवस्था मांडल्या, त्यांतली एक म्हणजे शोध घेण्यापूर्वीच उत्तर पक्के करून टाकणे. हे पॅकेज त्याच दिशेने ढकलते, आणि ताईंच्या कामाशी त्याचा मेळ बसत नाही. हे पैसे वाचवावेत.

अधिक गंभीर बाब गोपनीयतेची आहे. गटसत्रातील सर्वांना न विचारता एका व्हॉट्सअॅप गटात घेण्यात आले, त्यामुळे एकमेकींचे क्रमांक उघड झाले. आम्ही हरकत घेतल्यावर गट बंद झाला आणि केंद्राने प्रत्येकीची वैयक्तिक क्षमा मागितली. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये ज्या गोपनीयतेला हक्काचा दर्जा आहे, तिच्याबाबत अशी ढिलाई सुरुवातीलाच व्हायला नको होती. प्रतीक्षेची खोली आणि सत्राची खोली यांच्यामध्ये पातळ पार्टिशन आहे, बोललेले शब्द कळत नाहीत, पण रडणे ऐकू येते. तेथे वीटभिंत होणे गरजेचे आहे. गटसत्रे एकूणच मध्यम वाटली. भजनी मंडळ, भिशी, सहली अशा सूचनांवर त्यांतला बराच वेळ जातो, आणि त्या सूचना घरी नातेवाइकांनी आधीच केलेल्या असतात.

एका सत्राचे शुल्क ८०० रुपये असून ते ५० मिनिटांचे असते. परिस्थिती सांगितल्यास सवलत मिळते आणि त्यासाठी कागदपत्रे मागत नाहीत. आठवड्याला एकदा जाणे मध्यमवर्गीय घराला जड जाते, म्हणून काही काळानंतर मी पंधरवड्याने जाऊ लागले आणि त्याने काम अडले नाही. आमच्या घरच्यांना सुरुवातीला हा खर्च पटत नव्हता. ताईंनी यांना एका सत्राला बोलावले, आणि यांनी मोजकेच विचारले, पण वहीची गोष्ट ऐकून घेतली.

कोणत्याही केंद्रात जाण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची पात्रता विचारावी. नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तपासता येते. समुपदेशक हे नाव मात्र आजवर कुणीही लावू शकत आले आहे; आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने समुपदेशनही नियमनाच्या कक्षेत आणले आहे, तरीही प्रत्यक्षात चौकशी आपणच करावी लागते. येथील ताईंनी पदवी, प्रशिक्षण आणि त्या स्वतः कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम करतात हे विचारताच सांगितले. ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, किंवा रात्री-अपरात्री असह्य होते, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिच्यावर मराठी व गुजराती दोन्ही भाषांत बोलता येते.

ज्यांना दोन-तीन भेटींत ‘आता अमुक करा’ असे उत्तर हवे आहे, त्यांची या केंद्रात निराशा होईल. पुढे काय करायचे हे माझेही अजून ठरलेले नाही, आणि ते ठरवण्याची घाई तिथे कुणी केली नाही, याला मी सर्वाधिक गुण देते. दीर्घ आजाराची शुश्रूषा, सेवानिवृत्ती, बंद पडलेला कारखाना किंवा दुकान, मुलांचे परदेशी जाणे यांनंतर रिते वाटणाऱ्यांनी ताईंकडे वैयक्तिक सत्रांसाठी जरूर जावे, गटसत्र आणि चाचणीचे पॅकेज नाकारावे. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात. दुपारी जागा मिळते. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, परंतु गुडघ्यांचा त्रास असल्यास आदल्या दिवशी फोन केला तर तळमजल्यावरची खोली उघडून देतात.