ग्लासातली पावडर विरघळली नाही, म्हणून मी फसलो

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचं गाव. गोठ्यात चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई. वैरणीला ऊसाचं वाडं, जमेल तशी मका, वर सरकी पेंड आणि संघाचं पशुखाद्य. त्यातली चंद्री तिसऱ्या वेताची, आटवून महिना झालेला. अशात एका दुपारी मोटारसायकलवरून एकजण आला. अंगात पांढरा ॲप्रन, हातात टॅब.

"काकी, ग्लासभर पाणी मिळंल का?" आईनं दिलं. गडी पाणी प्यायलाच नाही. पिशवीतली चमचाभर पांढरी पावडर त्यात टाकली, ढवळली आणि ग्लास कट्ट्यावर ठेवला. मग माझ्याशी चंद्रीबद्दल बोलत बसला. पाच मिनिटांनी ग्लास उचलून दाखवला. पावडर तळाला तशीच.

"बघा दादा, विरघळली का? पोटात पण असंच. पहिल्या पोटात, म्हणजे रवंथाच्या कप्प्यात, फुटत नाही, थेट आतड्यात जाऊन लागू पडते. यालाच बायपास अमिनो ॲसिड म्हणत्यात."

बडीशेपेचा गोड वास येत होता. ५ किलोची बादली, ४,८०० रुपये, रोख. विण्याआधी २१ दिवस आणि नंतर २१ दिवस, रोज १०० ग्रॅम. पावतीचं विचारलं तर म्हणाला, "व्हॉट्सॲपला पाठवतो." शेजारच्या तात्यांनीही एक घेतली. त्यांनी घेतली म्हणून मी घेतली. मी घेतली म्हणून त्यांनी घेतली, असं ते म्हणतात.

आता राग कशाचा येतो, तर त्याचं बोलणं खोटं नव्हतं याचा. विण्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे गाईला सगळ्यात जड जातात. खाणं कमी, दूध वाढतंय, अंगातली चरबी सुटून यकृतावर येते. अमिनो ॲसिड म्हणजे प्रथिनाचे घटक; लायसिन आणि मिथिओनिन त्यातलेच. मक्यात लायसिन कमी, सोयाबीन पेंडीत मिथिओनिन कमी, आणि दुधाचं प्रथिन बनायला तर दोन्ही लागतात. मिथिओनिन त्या यकृतातली चरबी बाहेर काढायलाही मदत करतं. पण साधं अमिनो ॲसिड खायला घातलं की पहिल्या पोटातले जिवाणूच बरंचसं खाऊन टाकतात. म्हणून त्याच्यावर आवरण चढवावं लागतं. हे सगळं त्यानं बिनचूक सांगितलं. फक्त बादलीत ते नव्हतं.

चंद्री रात्री अकराला व्याली. कालवड झाली, वारही पडली. आम्ही खुशीत झोपलो. पहाटे धार काढायला गेलो तर चंद्री बसलेली, उठंना. कान हाताला बर्फासारखे, मान वळवून कुशीवर टाकलेली. डॉक्टर आले. कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली कोमट पाण्यात धरून गरम केली आणि शिरेतून सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत ऐकत सोडली. बाटली संपता संपता चंद्रीचं अंग थरथरलं, ढेकर आला, शेण टाकलं. अर्ध्या तासानं उभी राहिली. आई तोवर उंबऱ्यावर बसून होती, एक शब्द नाही.

"हिला काय घालत होता?" म्हणून डॉक्टरांनी विचारलं. मी अभिमानानं बादली आणली. त्यांनी चिमूटभर हातावर घेतली, वास घेतला, आणि "लिंबू आहे का घरात?" म्हणाले. बशीत पावडर, वर लिंबू पिळलं. चर्रर्र करून फेस आला.

चुनखडी. पाण्यात विरघळणार कशी?

खऱ्या मिथिओनिनला उकडलेल्या कोबीसारखा गंधकाचा वास असतो, आणि आवरणाचा माल बहुतेक दाणेदार मिळतो, असं त्यांनी सांगितलं. त्याची मात्रा गाईला दिवसाला दहा-वीस ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम ऐकल्यावरच मला शंका यायला हवी होती. बादलीवर 'अमिनो पॉवर' मोठ्ठं छापलेलं, पण कोणतं अमिनो, किती टक्के, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, काहीच नाही. मी चष्मा लावून शोधलं.

पैसे गेले एवढ्यावर भागलं असतं तर लिहिलं नसतं. शुद्ध चुनखडीत ४० टक्के कॅल्शियम. म्हणजे रोज ४० ग्रॅमपर्यंत जादा कॅल्शियम मी गाभण गाईच्या पोटात ढकलत होतो. आयतं मिळत गेलं की हाडातून कॅल्शियम काढायची शरीराची सवय सुटते. व्याल्यावर चिकातून लिटरमागं दोन ग्रॅमच्या आसपास अचानक जातं, रक्तातलं घसरतं आणि गाय बसते. डॉक्टर प्रामाणिक माणूस. "तिसऱ्या वेताला अशीही गाय बसते, सगळा दोष बादलीचा म्हणता येणार नाही," असंही म्हणाले. पण विण्याआधी कॅल्शियम घालू नका हे त्यांनी दोनदा सांगितलं.

त्या माणसाचा फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवरची पावती अजून यायची आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचाच.

संध्याकाळी लिंबू घेऊन तात्यांकडं गेलो. त्यांची गाय दहा दिवसांत व्यायची आहे. बशीत फेस आला तसे तात्या बघत राहिले, मग बादलीचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाले, "घरात कुणाला सांगू नको."