चौकटी आखून की नजरेने मोजून?

पेन्सिलीने हुबेहूब व्यक्तिचित्र काढायचे, तर छायाचित्रावर चौकटी आखाव्यात की नजरेनेच प्रमाण साधावे, हा प्रश्न वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीचे चित्र काढताना माझ्यापुढे उभा राहिला.

छायाचित्रावर १ सेंटिमीटरच्या आणि कागदावर ३ सेंटिमीटरच्या चौकटी आखून एकेक चौकट उतरवत गेले, की चित्र तिप्पट होते आणि नाकाओठांची जागा सहसा चुकत नाही. मात्र रेषा दाबून आखल्या, तर खोडल्यावरही कागदावर चर उरतो आणि पुढे ४बी या मऊ, गडद पेन्सिलीची छटा भरताना तो गालावर पांढरा उमटतो. माझे पहिले चित्र असेच वाया गेले.

नजरेने मोजताना हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप धरावे लागते. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, हे इथे खऱ्या अर्थाने पटते, कारण नवशिका ते हटकून वर काढतो. वेळ बराच जास्त लागतो. पण आजी समोर बसली, तेव्हा तिच्या खालच्या पापणीची ओलसर कड आणि एका बाजूने हळूहळू विरत जाणारी सुरकुती मला दिसली, जी छायाचित्रात नुसती काळी रेघ होती. महाराजा फतेहसिंह संग्रहालयातल्या राजा रविवर्मांच्या तैलचित्रांपुढेही मी नजरेने असे प्रमाण ताडून पाहते.

दिवंगत आजोबांचे चित्र मात्र मी चौकटी आखूनच काढेन, कारण त्यांचा एकच लहानसा फोटो उरला आहे.