किल्ल्याचा व्हिडिओ: दोन भिंगांचा कॅमेरा की होडीतला मोबाइल?

मालवणात होमस्टे चालवणाऱ्या आमच्या वहिनींना सिंधुदुर्ग किल्ल्याचा व्हिडिओ करायचाय, बघणाऱ्याला खोली, म्हणजे काय जवळ नि काय लांब हे, जाणवेल असा. दोन भिंगांचा थ्रीडी कॅमेरा घ्यावा, की हातातला मोबाइल पुरे?

खोलीचं आधी बघू. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं आणि दोन भिंगांचा कॅमेरा त्याचीच नक्कल करतो. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकातून खोली उमटते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्ये दाखवलं. ताटातली सुरमई त्यात झकास उठून येईल. पण समुद्रातला तट दूर, तिथे हा फरक नगण्य होतो.

होडी आडवी सरकू लागली की गंमत वेगळी. तटावर नजर ठेवा: अलीकडचे खडक मागे पळतात, पलीकडचे ढग आपल्यासोबत येतात. या वेगांच्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. अट एकच, जागा बदलली पाहिजे. जेटीवर उभं राहून नुसता मोबाइल फिरवला तर काही हाती लागत नाही, आणि बहुतेक पर्यटक नेमकं तेच करतात! मध्येच दुसरी होडी आली तर तिच्या स्वतःच्या वेगामुळे अंदाज चुकतो.

खर्चात मोबाइल सरळ जिंकतो. थ्रीडीला पाहुण्यांसाठी चष्मेही लागतात, आणि तिरळेपणामुळे काहींना ती खोली दिसतच नाही.

खोल्या, अंगण, जेवण दाखवायचं असेल तर दोन भिंगं घ्या. किल्ला नि किनाऱ्यासाठी होडीतला मोबाइलच, फक्त लाटा कमी असताना.