आय-स्टॅट टीबीआय कार्ट्रिज: डोक्याला मार लागलेल्यांसाठीची रक्ततपासणी

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. अॅबट कंपनीची ही टीबीआय (म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला होणारी इजा) तपासणी ‘या पेशंटला डोक्याच्या सीटी स्कॅनची गरज नाही’ हे सांगायला फार चांगली आहे. ‘मेंदूला इजा झालीच आहे’ असं ठरवायला ती वापरू नका. आणि मणक्याच्या पेशंटसाठी ती बनलेलीच नाही. ही तिसरी गोष्ट लोकांच्या गावीही नसते, म्हणून तिच्याबद्दल पुढे जरा सविस्तर लिहिते.

मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. डोक्याला मार लागून येणारे आमचे बहुतेक पेशंट शुद्धीवर असतात. बोलतात, नाव सांगतात, फक्त डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतात. जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे हे मोजणारा ३ ते १५ गुणांचा आकडा, १३ ते १५. यातल्या बहुतेकांचा सीटी नॉर्मल येतो, पण ज्याच्या डोक्यात रक्तस्राव असतो तो सुरुवातीला हुबेहूब बाकीच्यांसारखाच दिसतो. म्हणून सगळ्यांनाच सीटीला पाठवावं लागतं. रेडिएशन, रांग आणि नातेवाइकांची घालमेल हे सगळं त्यासोबत येतंच. ही तपासणी बनली ती नेमकी ही अडचण सोडवायला.

ती रक्तात दोन प्रथिनं मोजते. जीएफएपी हे ॲस्ट्रोसाइट म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकार पेशींमधलं, आणि यूसीएच-एल१ हे खुद्द चेतापेशींमधलं. पेशींना इजा झाली की ही प्रथिनं रक्तात उतरतात. यूसीएच-एल१ लवकर वाढतं आणि साधारण ८ तासांत कळसाला पोचतं. जीएफएपी सावकाश चढतं, २० तासांच्या आसपास शिखर गाठतं आणि नंतरही बराच काळ टिकतं. पेशंट लगेच आला काय किंवा दुसऱ्या दिवशी आला काय, दोघांपैकी एक तरी पकडावं म्हणून जोडी ठेवली आहे. दोन्हींपैकी एक जरी मर्यादेच्या वर गेलं तरी निकाल ‘वाढलेला’ धरतात.

वापराबद्दल सांगायचं तर २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळालेल्या पहिल्या आवृत्तीला प्लाझ्मा (रक्तपेशी वगळून उरणारा द्रव) लागायचा, म्हणजे आधी रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. २०२४ मध्ये थेट रक्तावर चालणारं कार्ट्रिज (रक्त भरून मशीनमध्ये घालायची छोटी डबी) मंजूर झालं आणि तपासणी खऱ्या अर्थाने बेडजवळ आली. बोटाला टोचून चालत नाही, शिरेतलंच रक्त हवं, जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमध्ये. ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही, रक्तपेशी फुटल्या की आकड्यात गडबड होते. कार्ट्रिज फ्रीजमधून काढल्यावर पाकीट लगेच फोडायचं नाही, ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. मग खुणेपर्यंत रक्त भरायचं, ना कमी ना जास्त, झाकण सरकवायचं आणि आय-स्टॅटच्या मशीनमध्ये ढकलायचं. मशीन सपाट टेबलावर ठेवायचं आणि निकाल येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. १५ मिनिटांत दोन्ही आकडे पडद्यावर येतात. ही १५ मिनिटं मला फार मोलाची वाटतात. तेवढ्या वेळात मी पेशंटच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पुन्हा बघते, जखम धुते, घरच्यांशी बोलते.

आता ‘वाढलेला’ या शब्दाकडे. या दोन प्रथिनांची पहिली मोठी परीक्षा अॅलर्ट-टीबीआय नावाच्या अभ्यासात झाली. त्याच्याच जोरावर २०१८ मध्ये एफडीएने बॅन्यन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या किटला परवानगी दिली. १९५९ लोकांपैकी १२५ जणांच्या सीटीत इजा दिसली होती. रक्ततपासणीने मात्र १२८८ जणांना ‘वाढलेले’ म्हटलं. उरलेल्या ६७१ जणांचा निकाल न वाढलेला आला, आणि त्यातल्या ६६८ जणांच्या सीटीत खरोखरच काही नव्हतं. हे आकडे शांतपणे वाचा. ‘नाही’वर किती भरवसा ठेवायचा आणि ‘हो’वर किती कमी, ते त्यातच आहे. किट पुढे बदललं, यंत्र छोटं झालं, पण हा स्वभाव तोच राहिला.

म्हातारी माणसं घ्या. वयाबरोबर जीएफएपी एरवीही थोडं चढलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यात निकाल वाढलेला येण्याची शक्यता मुळातच जास्त. बाथरूममध्ये घसरलेल्या एका आजींचा निकाल तसा आला, तेव्हा त्यांचा मुलगा ‘मेंदूला मार बसला का हो?’ म्हणून रडवेला झाला. मी त्याला सांगितलं, दादा, याचा अर्थ एवढाच की सीटी काढायचा, बाकी काही नाही. सीटी स्वच्छ आला. हे वाक्य रक्त घेण्याआधीच सांगायला हवं, असं मी आता सगळ्या नव्या मुलींना शिकवते.

युरोपात याआधीपासून एस१००बी नावाचं प्रथिन वापरतात. स्कँडिनेव्हियन देशांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे. पण ते चरबीत आणि हाडांतही असतं, त्यामुळे पाय मोडला तरी वाढतं. त्या मानाने ही जोडी मला जास्त पटते.

राहिला मणका. उंचावरून पडलेल्या पेशंटला डोकं आणि मान दोन्हीकडे मार असतो. पायात ताकद नसते आणि बायको विचारते, ‘सिस्टर, ते रक्त तपासलंत ना, मग पाय येतील का तेही कळेल?’ नाही कळणार. जीएफएपी मज्जारज्जूतही असतं, पण रक्तातल्या प्रथिनावर ते कुठून आलं याचा पत्ता लिहिलेला नसतो. शिवाय मणक्यात प्रश्नच वेगळा आहे. इजा झाली आहे हे एमआरआयवर आणि तपासून दिसतंच. किती झाली आणि किती भरून येईल, हे हवं असतं. त्यासाठी आज आपल्याकडे कापूस आणि टाचणीने करायची संवेदनेची तपासणी आणि स्नायूंची ताकद आहे, त्यावरून ए (सगळ्यात गंभीर) ते ई (नॉर्मल) अशी श्रेणी ठरते. पेशंट बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवर असेल तर तीही नीट होत नाही, आणि तिथेच रक्तातल्या खुणेची खरी गरज आहे. व्हँकुव्हरमध्ये ब्रायन क्वॉन यांच्या गटाने मेंदू-मज्जाद्रवात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) टाऊ, एस१००बी, जीएफएपी आणि काही दाहकारक प्रथिनं मोजली. इजा जितकी गंभीर तितकी पातळी जास्त, असं त्यांना दिसलं. पण तो द्रव कंबरेतून काढावा लागतो. रक्तात न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन आशादायक आहे. ते चेतातंतूंच्या सांगाड्यातलं असतं आणि कित्येक दिवस चढत राहतं, म्हणून पहिल्या तासाच्या निर्णयाला त्याचा उपयोग कमी. मणक्यासाठी असं कार्ट्रिज कुणी आणलं, तर ते पहिल्यांदा हातात घ्यायला मला मनापासून आवडेल. तोवर टीबीआयच्या आकड्यावरून पायांबद्दल कुणालाही आशा किंवा निराशा देऊ नका.

घेणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. तपासणी १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे, मुलांवर नको. मार लागल्यापासून २४ तासांच्या आतच, म्हणून ‘किती वाजता पडलात?’ हा प्रश्न दारातच विचारून केसपेपरवर वेळ लिहा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर निकाल काहीही येवो, डॉक्टरांना आधी सांगा. आणि निकाल न वाढलेला आला तरी घरी सोडताना कागद द्यायचाच: वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणं, बोलणं अडखळणं, हातापायात अशक्तपणा. यातलं काहीही दिसलं तर तपासणी काय आली होती याचा विचार न करता पेशंटला लगेच परत आणा.