मोफत मेल सोडला, स्वतःचं डोमेन घेतलं: दिवाळीपासूनचा अनुभव

२०२५ च्या दिवाळीत ऑफिसचा सगळा मेल मी एका मोफत सेवेतून काढून स्वतःच्या डोमेनवर (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) नेला. मी कर सल्लागार आहे, सांगलीत छोटं ऑफिस आहे आणि निम्मं काम इनबॉक्समध्येच चालतं. मधल्या महिन्यांत तिमाही टीडीएस, ॲडव्हान्स टॅक्स आणि जीएसटीच्या तारखा या नव्या व्यवस्थेवर पार पडल्या, म्हणून आता सविस्तर लिहिते.

जुन्या सेवेनं मांडणी बदलली ती विवरणपत्रांच्या ऐन हंगामात. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली होती, पण क्लायंट शेवटच्या पंधरवड्यातच जागे होतात. सकाळी मेल उघडला तर सगळं इकडचं तिकडे. पूर्वी अ‍ॅटॅचमेंटची नावं एकाखाली एक दिसायची. आता प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानाचं चित्र, आणि खाली नाव अर्धवट तोडलेलं. फॉर्म १६ चं (पगारातून कापलेल्या कराच्या प्रमाणपत्राचं) पहिलं पान सगळ्यांचं सारखंच दिसतं. नवऱ्याचा कुठला, बायकोचा कुठला, गेल्या वर्षीचा कुठला, हे कळायला प्रत्येक फाइल उघडायची. जिथे डिलीटचं बटण होतं तिथे ‘संग्रहित करा’ आलं. यादीत सर्वांत वर दोन जाहिराती, अक्षरं आणि उंची अगदी मेलसारखी. ऑफिसातली मुलगी दिवसभर त्यांवर क्लिक करून परत मागे यायची. सुरुवातीला ‘जुन्या मांडणीवर जा’ असा पर्याय होता, काही आठवड्यांनी तोही काढून टाकला. अभिप्रायाच्या खिडकीत मी पोटतिडकीनं लिहिलं. उत्तर आलं नाही.

हे एका कंपनीपुरतं नाही. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ साली सुरू केलेल्या हॉटमेलचं मायक्रोसॉफ्टकडे गेल्यावर नाव आणि रूप किती वेळा बदललं ते आमच्या पिढीनं पाहिलंय. २०१२ पासून ते आउटलुक झालं. याहूनं २०१३ मध्ये टॅब काढले तेव्हा लोकांनी अक्षरशः बोंब ठोकली होती. गूगलनं ‘इनबॉक्स’ नावाचं वेगळं ॲप २०१४ साली आणलं, लोकांना त्याची सवय लागली आणि २०१९ साली बंदही केलं. मोफत सेवेत पडद्यावरची जागा जाहिरातींसाठी आणि कंपनीच्या इतर उत्पादनांसाठी लागते, आणि आपण पैसे देत नसल्यामुळे आपलं म्हणणं सगळ्यांच्या शेवटी ऐकलं जातं. म्हणून नवी सेवा निवडताना ‘दिसायला कशी आहे’ हा प्रश्न मी बाजूलाच ठेवला. आज आवडलेलं रूप उद्या राहील याची हमी कोणीच देत नाही. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. पत्ता माझ्या मालकीचा हवा, आणि मेल माझ्या पसंतीच्या प्रोग्राममध्ये वाचता यायला हवा.

दुसऱ्या अटीनं यादी पटकन छोटी झाली. स्वित्झर्लंडचं प्रोटॉन मेल गोपनीयतेसाठी उत्तम आहे, पण सगळा मेल एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असल्यामुळे बाहेरच्या प्रोग्रामला थेट जोडता येत नाही. त्यासाठी त्यांचा ‘ब्रिज’ नावाचा प्रोग्राम संगणकावर चालवावा लागतो आणि तो सशुल्क प्लॅनवरच मिळतो. मेलबर्नच्या फास्टमेलचा माझा अभ्यास बराच झाला होता. १९९९ पासूनची कंपनी, फक्त मेलच्या धंद्यात, जाहिरात नाही. पण बिल डॉलरमध्ये. शेवटी चेन्नईचं झोहो घेतलं. बिल रुपयांत, महिन्याला माणशी शंभराच्या आत, आणि आयमॅप (मेल बाहेरच्या प्रोग्राममध्ये वाचण्याची सोय) मिळतं. मोफत प्लॅनही आहे, पण त्यात आयमॅप नाही, म्हणजे माझ्या दृष्टीनं तो नसल्यातच जमा. अमित शहांनी ऑक्टोबरमध्ये झोहोवर गेल्याचं जाहीर केल्यावर क्लायंटही मला त्याबद्दल विचारू लागले. माझा निर्णय त्यामुळे झालेला नाही, तो आयमॅप आणि बिलामुळे झाला.

डोमेन वर्षाला हजाराच्या आसपास पडतं. ते जोडताना एमएक्सबरोबर (मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी नोंद) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच आपल्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या) नोंदीही करायलाच हव्यात. २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. नोंदी नसतील तर तुमचा मेल स्पॅममध्ये जाईल किंवा परत येईल. नोंदी कॉपी करून डोमेन विक्रेत्याच्या पानावर चिकटवायच्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

रोजचा मेल मी थंडरबर्ड या संगणकावरच्या मोफत मेल प्रोग्राममध्ये वाचते, आणि खरी शांतता तिथे मिळाली. थंडरबर्डनंही २०२३ मध्ये, ११५ व्या आवृत्तीत, सगळं रूप पालटलं. पण जुनी तक्त्यासारखी यादी ठेवली, ओळी दाट हव्यात की सुट्या हे विचारलं, वाचनाची चौकट खाली हवी की उजवीकडे हेही आपल्यावर सोडलं. अ‍ॅटॅचमेंट पूर्ण नावानिशी दिसतात. बदल करायला माझा विरोध कधीच नव्हता. काम चालू असलेल्या माणसाला विचारा, एवढंच मागणं आहे. जुने फोल्डरही थंडरबर्डमधूनच ओढून नव्या खात्यात टाकले. एक काळजी घ्या: फोल्डरऐवजी मेलला लेबल लावणाऱ्या सेवेत एकाच मेलला दोन लेबलं असतील तर तो दोनदा कॉपी होतो. झोहोच्या छोट्या प्लॅनला ५ जीबीची मर्यादा आहे, म्हणून जुन्या वर्षांचा मेल मी ऑफिसच्या संगणकावर लोकल फोल्डरमध्ये ठेवलाय आणि त्याची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर.

सगळ्यात जीव काढला तो पत्ता बदलण्यानं. आमच्या धंद्यात एक जुनी पद्धत आहे: क्लायंटच्या आयकर पोर्टलवर सल्लागाराचाच ईमेल घालायचा, म्हणजे विवरणपत्र तपासून आयकर खातं पाठवतं ती १४३(१) ची सूचना थेट आपल्याकडे येते. आता प्रत्येक खात्यात शिरा, क्लायंटला फोन करा, ओटीपी मागा. ‘ताई, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणता आणि तुम्हीच मागता?’ असं एका आजोबांनी विचारलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांना ऑफिसात बोलावून त्यांच्यासमोर बदल केला. जीएसटीत तर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या नोंदीत नॉन-कोअर (किरकोळ तपशिलांची) दुरुस्ती भरावी लागते. या निमित्तानं मी पद्धतच बदलली: जिथे क्लायंटचा स्वतःचा ईमेल आहे तिथे मुख्य म्हणून तोच, आणि माझा दुय्यम. एका बँकेच्या संकेतस्थळाला माझ्या डोमेनचा पत्ता ‘अवैध’ वाटला. शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागला.

ज्यांचा मेल म्हणजे वीजबिल, तिकिटं आणि नातेवाइकांचे फोटो, त्यांना एवढा खटाटोप सांगणार नाही. त्यांनी चालू खात्यालाच थंडरबर्ड जोडून पाहावं, जाहिराती आणि बटणांची अदलाबदल तेवढ्यानंही सुटते. ज्यांचा धंदा ईमेलवर आहे त्यांनी मात्र निदान डोमेन आजच घ्यावं आणि ते आपोआप नूतनीकरणावर ठेवावं. ते चुकलं तर पत्ता दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो.

जुनं खातं मी बंद केलेलं नाही. न वापरलेली मोफत खाती कंपन्या काही काळानं काढून टाकतात, त्यामुळे अधूनमधून लॉगिन करते. येणारा मेल फॉरवर्ड होतो, आणि थंडरबर्डमध्ये त्याला वेगळा रंग दिलाय. रंगीत मेल दिसला की तो पाठवणाऱ्याला लगेच नवा पत्ता कळवायचा. सध्या त्यात मुख्यतः म्युच्युअल फंडांची स्टेटमेंटं आणि दोन सोसायट्यांचे खजिनदार उरलेत.